दहा मिनिटांत गणितं संपतात, मग पुढे?

पत्र

«माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. वर्गात दिलेली गणितं ती दहा मिनिटांत संपवते आणि उरलेला तास खिडकीबाहेर बघत बसते. शिक्षिका चांगल्या आहेत, पण हिचं काम संपलं की तशीच आणखी दहा गणितं देतात. आता तिने युक्ती काढली आहे : मुद्दाम सावकाश सोडवायचं. घरी तिचं वाचन अफाट आणि प्रश्न त्याहून अफाट. मागच्या महिन्यात मामाने अवघड कोड्यांचं एक पुस्तक आणून दिलं. त्यातलं दुसरंच कोडं सुटेना, तेव्हा ती रडली, ‘मी हुशार नाहीच’ म्हणाली आणि पुस्तक कपाटावर टाकलं. ते अजून तिथेच आहे. माझ्या जाऊबाई म्हणतात, बुद्ध्यांक तपासून घ्या. तिचे बाबा म्हणतात, एक इयत्ता गाळून पुढे बसवू या. पण तिचा मोठा भाऊ बरोबर एकच इयत्ता पुढे आहे. महागडे क्लास आम्हाला झेपणार नाहीत. अशा मुलांसाठी काय काय असतं आणि सुरुवात कुठून करायची?
— एक आई»

प्रिय ताई,

पत्रात तुम्ही प्रश्न बरेच विचारले आहेत, पण कपाटावरच्या त्या पुस्तकाबद्दल प्रश्न विचारलेला नाही, ती हकिगत जाता जाता सांगितली आहे. मला मात्र सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. म्हणून बुद्ध्यांक, इयत्ता, क्लास हे सगळं जरा बाजूला ठेवून त्या पुस्तकापासून सुरुवात करते.

ज्या मुलीला शाळेतलं सगळं पहिल्या फटक्यात येतं, तिला अडकण्याची सवयच नसते. इतर मुलं पहिलीपासून रोज कुठे ना कुठे अडकतात, खोडतात, पुन्हा करतात, कुणाला तरी विचारतात. न येणं म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे, हे त्यांना पाच-सहा वर्षांच्या अनुभवाने कळलेलं असतं. तुमच्या मुलीला हा अनुभव मिळालेलाच नाही. हुशारी म्हणजे पटकन येणं, असं तिने आजवरच्या शाबासकीतून आपल्यापुरतं ठरवून टाकलं आहे. मग जे पटकन आलं नाही, त्याचा अर्थ तिच्या हिशेबाने एकच निघतो, आणि तो तिने रडत रडत बोलूनही दाखवला.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. साधारण तुमच्या मुलीच्याच वयाच्या मुलांना आधी सोपी कोडी दिली. ती सुटल्यावर काहींना सांगितलं, ‘तू हुशार दिसतोस’, तर काहींना, ‘तू चांगली मेहनत घेतलेली दिसते.’ मग मुद्दाम फार अवघड कोडी दिली, आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखीच सोपी. हुशारीचं कौतुक झालेल्या मुलांची कामगिरी शेवटच्या फेरीत पहिल्यापेक्षाही घसरली, मेहनतीचं कौतुक झालेल्यांची सुधारली. पहिल्या गटातल्या बऱ्याच मुलांनी दुसऱ्या अनोळखी मुलांना आपले गुण कळवताना ते वाढवून सांगितले, हे मला जास्त बोचतं. पुढे याच विचारावर शाळाशाळांतून मोठे कार्यक्रम झाले, पण त्यांचा परिणाम बेताचाच दिसला. तेव्हा शाबासकीचे शब्द बदलले की मुलगी बदलेल, अशी आशा धरू नका. तिला खरोखर अडकण्याची संधी लागेल, आणि त्या वेळी शेजारी कुणीतरी शांत बसलेलं लागेल.

ते कुणीतरी तुम्ही व्हा. पुस्तक खाली काढा, पण तिच्यासमोर ठेवू नका. ते दुसरं कोडं तुम्हीच सोडवायला बसा, उत्तर न बघता, मोठ्याने विचार करत. ‘हे मला कळत नाहीये. आकडे लहान करून बघते. चित्र काढून बघते. शेवटाकडून मागे येता येईल का?’ तुम्हाला गणित येत नसेल तर अधिकच चांगलं, कारण मग नाटक करावं लागणार नाही. ती डोकावेल. डोकावली तरी पेन्सिल लगेच तिच्या हातात देऊ नका. आणि सुटलं नाही तर ‘आज इथवर आलं, उद्या बघू’ म्हणून वही मिटा. एखादा प्रश्न रात्रभर तसाच ठेवायला कुणाची हरकत नसते, हे तिने घरात डोळ्यांनी पाहायला हवं. त्या वहीत उत्तरांपेक्षा कुठे अडकलो हे लिहायचं. दोन-तीन महिन्यांनी मागची पानं चाळली की तिला स्वतःचीच वाट दिसेल.

तिला मरियम मिर्झाखानीबद्दल जरूर सांगा. गणितातलं सर्वोच्च मानलं जाणारं फील्ड्‌स पदक मिळवणारी ही पहिली स्त्री, साल २०१४. लहानपणी तेहरानमध्ये असताना तिला लेखिका व्हायचं होतं. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी गणितात तिची प्रगती बेताचीच होती आणि शिक्षकांनाही तिच्यात विशेष काही दिसलं नव्हतं, त्यामुळे तिची गोडीच गेली. पुढच्या वर्षी प्रोत्साहन देणारे शिक्षक भेटले. मग एकदा तिच्या आणि तिच्या मैत्रिणीच्या हाती संगणकशास्त्र ऑलिंपियाडच्या राष्ट्रीय निवड परीक्षेचा कागद लागला. दोघी कित्येक दिवस त्यावर बसल्या आणि सहापैकी तीन प्रश्न सुटले. सहापैकी तीन म्हणजे शाळेच्या भाषेत निम्मे गुण, पण त्या दोघींना त्यात एवढा आनंद झाला की त्या थेट मुख्याध्यापिकांकडे गेल्या आणि मुलांच्या शाळेत असे प्रश्न सोडवायचे तास होतात, तसे आम्हालाही हवेत म्हणाल्या. मुख्याध्यापिकांनी ते सुरू केले. १९९४ आणि १९९५ अशी दोन्ही वर्षं मिर्झाखानीला आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळालं, दुसऱ्या वर्षी पैकीच्या पैकी गुणांसह. पुढे एवढी मोठी गणितज्ञ झाल्यावरही ती स्वतःला सावकाश चालणारी गणितज्ञ म्हणवायची. तुमच्या मुलीला हे ऐकण्याची आत्ता फार गरज आहे.

आता शाळेकडे येते. लवकर काम संपवल्याबद्दल आणखी तसंच काम मिळणं ही शिक्षा आहे, आणि मुद्दाम सावकाश सोडवणारी तुमची मुलगी त्या शिक्षेतून फार शहाणपणाने सुटली आहे. तिला रागावू नका. पण ही युक्ती अंगवळणी पडू देण्यात धोका आहे : वर्गातल्या वेगात स्वतःला लपवायची सवय लागली की पुढे कष्टाची वेळ आली तरी ती मोडत नाही.

शिक्षिकांना भेटायला जाताना ‘माझी मुलगी फार हुशार आहे आणि तिला कंटाळा येतो’ असं म्हणू नका. तीस-चाळीस मुलं सांभाळणाऱ्या बाईंना त्यात तक्रारच ऐकू येते. त्यांना करायला सोपं असं एक काम घेऊन जा. म्हणा की प्रत्येक उदाहरणसंग्रहातली सगळ्यात अवघड पाच गणितं तिला आधी करू द्या. पाचही बरोबर आली तर बाकीच्या गणितांतून तिला मोकळं करा, आणि उरलेल्या वेळात ती स्वतःच्या वहीत, कुणाला त्रास न देता, स्वतःचे प्रश्न सोडवेल. एखादं जरी चुकलं तरी ती वर्गाबरोबर पूर्ण संग्रह सोडवेल. ही माझ्या डोक्यातून निघालेली क्लृप्ती नाही. जोसेफ रेन्झुली आणि सॅली रीस यांच्यासारख्या अभ्यासकांनी अभ्यासक्रम आवळून देण्याची ही पद्धत बारकाईने मांडली आहे. आधी काय येतं ते तपासायचं, येतं तेवढं गाळायचं आणि वाचलेला वेळ खोल कामाला द्यायचा. बाईंवर जादा काम पडत नाही, म्हणून त्या तयार होण्याची शक्यता बरीच असते. आणि हो, मोकळ्या झालेल्या वेळात शेजारच्या मुलांना शिकवायची जबाबदारी तिच्यावर टाकू नका असं नम्रपणे सांगा. कधीमधी ठीक आहे, पण रोज नको, ती शिकायला शाळेत येते.

तिच्या बाबांचा विचार मला चुकीचा वाटत नाही. इयत्ता गाळली की मूल एकटं पडतं, कोमेजतं, असं सर्रास बोललं जातं, पण अभ्यास तसं सांगत नाहीत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणितात पुढे असलेल्या मुलांचा मागोवा घ्यायला सुरुवात केली आणि ते काम पुढे कित्येक दशकं चाललं. आयोवा विद्यापीठातून २००४ मध्ये या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा निघाला. नीट निवडून पुढे नेलेल्या मुलांचं अभ्यासात भलं होतं आणि मनाने ती सरासरीने कोलमडत नाहीत, असाच या सगळ्याचा कल आहे. पण ‘नीट निवडून’ हे दोन शब्द महत्त्वाचे. हा निर्णय घेण्यासाठी आयोवाच्याच अभ्यासकांनी एक तपासणीसूची तयार केली आहे. मुलाचीच इच्छा नसेल तर पूर्ण इयत्ता गाळू नये असं ती सांगते, आणि ज्या इयत्तेत जायचं तिथे सख्खं भावंड असेल तरीही गाळू नये असं सांगते. तुमच्या घरी नेमकं तेच आहे. एक इयत्ता पुढे गेली की ती भावाच्या वर्गात बसणार, त्याच परीक्षा देणार, आणि निकालाच्या दिवशी घरात दोन प्रगतिपुस्तकं शेजारी शेजारी ठेवली जाणार. तुम्ही कितीही जपलंत तरी नातेवाईक जपणार नाहीत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : पूर्ण इयत्ता आत्ता गाळू नका. शाळा तयार असेल तर फक्त गणिताच्या तासाला तिला वरच्या वर्गात बसू द्या. त्या इयत्तेच्या दोन तुकड्या असतील तर भाऊ नसलेल्या तुकडीत. तेही जमत नसेल तर आधी सांगितलेली अवघड पाच गणितांची व्यवस्था पुरेशी आहे.

बुद्ध्यांकाबद्दल थोडक्यात. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातली उच्च बुद्ध्यांकाची मुलं निवडून त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास आरंभला. त्या चाळणीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं पात्र ठरली नाहीत, आणि मोठेपणी दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. चाचणी निरुपयोगी असते असं मी म्हणत नाही. शाळेने एखाद्या निर्णयासाठी ती मागितली, किंवा मूल बोलण्यात अतिशय तल्लख असूनही वाचन-लेखनात अकारण अडखळत असेल, तर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून जरूर करून घ्यावी. बुद्धिमान असलेल्या आणि अध्ययन अक्षमताही असलेल्या मुलांच्या दोन्ही गोष्टी एकमेकींना झाकून टाकतात आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. मग तो आकडा घेऊन तुम्ही करणार काय? तिला जे हवंय ते आकड्याशिवायही देता येतं.

आणि ते देणं महाग नाही. नेमकं काय द्यायचं, हे कळणंच अवघड असतं. बहुतेक आईवडील पुढच्या इयत्तेचं पुस्तक आणतात. सुट्टीत मूल ते संपवतं, सगळे खूश होतात, आणि पुढच्या वर्षी तेच मूल वर्षभर वर्गात बसून आलेलंच पुन्हा ऐकतं. कंटाळ्यावर उपाय म्हणून पुढच्या वर्षाचा कंटाळा विकत घेतला जातो. खान अकॅडमीसारखी मोफत साधनं उत्तम आहेत, त्यांचा मला आदर आहे. पण ती या कामाला वापरू नका. राहून गेलेली एखादी संकल्पना भरून काढायला, किंवा तिच्याच एखाद्या प्रश्नाला लागणारं गणित शिकायला वापरा. अभ्यासक्रमाच्या रस्त्यावर पुढे पळवण्यापेक्षा तिला रस्त्याच्या बाजूला नेणं बरं, जिथे शाळा कधीच नेणार नाही.

एक नमुना देते. कागदावर वर्तुळ काढा. परिघावर एकच बिंदू असेल तर जोडायला काही नाही, वर्तुळाचा भाग एकच. परिघावर दोन बिंदू घेऊन जोडा, वर्तुळाचे दोन भाग झाले. तीन बिंदू घेऊन प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडा, चार भाग. चार बिंदूंना आठ, पाचांना सोळा. आता तिला विचारा, सहा बिंदूंना किती? ती क्षणात बत्तीस म्हणेल. म्हणा, ‘मोजून बघ.’ एवढीच काळजी घ्यायची की आतल्या तीन रेषा एकाच ठिकाणी छेदणार नाहीत. येतात एकतीस. ती म्हणेल मोजायला चुकले, पुन्हा काढेल, पुन्हा एकतीस. पाच वेळा खरा ठरलेला नियम सहाव्या वेळी मोडतो, आणि तो का मोडतो हे शोधायला तिला कित्येक आठवडे पुरतील. (मी इथे उत्तर फोडलं आहे, तुम्ही तिच्यासमोर फोडू नका.) मग तिला १, २, ४, ८, १६, ३१ हे आकडे ओईआयएस या मोफत संकेतस्थळावर टाकायला सांगा. नील स्लोन यांनी विद्यार्थिदशेत, १९६४ मध्ये, संख्यांच्या अशा मालिका जमवायला सुरुवात केली आणि १९९६ पासून तो संग्रह सगळ्यांसाठी खुला आहे. कागदावर आपण मोजलेले आकडे जगात आधी कुणी कुणी, कशासाठी मोजले होते, हे तिथे दिसतं.

दुसरा नमुना : ९ म्हणजे ४ + ५, आणि २ + ३ + ४ सुद्धा. १५ तर तीन प्रकारे मांडता येतात. अशा लागोपाठच्या संख्यांच्या बेरजेत कोणत्या संख्या कधीच बसत नाहीत? १ ते ४० तपासून बघ म्हणावं. याचं उत्तर मात्र मी लिहीत नाही.

अशा प्रश्नांची खाण हवी असेल तर केंब्रिज विद्यापीठाचा एनरिच हा उपक्रम आहे, १९९६ पासूनचा आणि संपूर्ण मोफत. त्यातले प्रश्न सुरू कुणालाही करता येतात, पण खोल जावं तितके जातात. तुमच्या मुलीसाठी मी आधी हेच निवडेन. भूमिती हलवून बघायला जिओजेब्रा, भौतिक-रसायनाचे प्रयोग पडद्यावर करून बघायला फेट. हे फेट नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलं. स्वतः काहीतरी घडवायला एमआयटीचं स्क्रॅच आहे, मुलांसाठीची संगणकाची सोपी भाषा. आठ ते सोळा वयासाठीच ते बनवलं आहे आणि त्यात ती आठवडाभरात स्वतःचा खेळ तयार करेल. स्क्रॅच तोकडं पडू लागलं की पायथन ही मोठ्यांची संगणकभाषा. सगळं एकदम तिच्यापुढे मांडू नका. एका वेळी एकच, आणि ते संपेपर्यंत दुसऱ्याचं नाव काढू नका. बऱ्याच संकेतस्थळांवर तेरा वर्षांखालच्या मुलांना स्वतंत्र खातं उघडता येत नाही, तेव्हा खातं तुमच्या नावाने उघडा आणि संगणक बैठकीच्या खोलीत ठेवा.

तिचं वाचन अफाट आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक गोष्ट खास सुचवते. भाषाशास्त्राचंही आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड असतं, २००३ मध्ये बल्गेरियात सुरू झालेलं. त्यात कधीही न ऐकलेल्या भाषेतली दहा-बारा वाक्यं आणि त्यांचे अर्थ दिलेले असतात, त्यावरून त्या भाषेचे नियम स्वतः शोधायचे आणि नवी वाक्यं रचायची. आधीचं ज्ञान काहीच लागत नाही, लागतो फक्त चिवटपणा. जुन्या प्रश्नपत्रिका अनेक भाषांत मोफत मिळतात. काही देशांच्या पहिल्या फेऱ्यांत लहान मुलांसाठी सोपे स्तर असतात, सुरुवात तिथून करा. गणितात रमणाऱ्या पण गोष्टींवरही जीव असलेल्या मुलांना यात विलक्षण गोडी लागते, आणि शाळेत अशा मुलांना बहुतेक वेळा या ना त्या बाजूचं ठरवून टाकलेलं असतं.

तिच्या प्रश्नांसाठी आणखी एक करा. घरात प्रश्नांची वही ठेवा. तिने विचारलेला प्रत्येक प्रश्न तिनेच त्यात लिहायचा, उत्तर लगेच शोधायचं नाही. महिनाअखेर त्यातला एक निवडायचा, जो पुस्तकात सरळ सापडणार नाही, स्वतः मोजून, पाहून, लोकांना विचारूनच सुटेल. मुंग्या अडथळा ठेवल्यावर जुनी वाट किती वेळाने सोडतात? घरातल्या माणसांच्या प्रतिक्रियेचा वेग सकाळी जास्त की रात्री? रेन्झुलींनी १९७७ मध्ये समृद्धीकरणाची त्रिस्तरीय मांडणी केली : आधी तऱ्हेतऱ्हेच्या विषयांची ओळख, मग विचार करण्याची आणि शोधण्याची कौशल्यं, आणि तिसरा स्तर म्हणजे मुलाने स्वतःच्या खऱ्या प्रश्नावर केलेलं काम, ज्याला खरे वाचक किंवा प्रेक्षक असतात. शाळेबाहेरचे बहुतेक वर्ग पहिल्या स्तरावरच थांबतात. एक दिवस रोबो, एक दिवस ज्वालामुखी, प्रमाणपत्र, फोटो. तिसरा स्तर घरीच जमतो, कारण त्याला वेळ लागतो.

खऱ्या संशोधनात हातभार लावायचा असेल तर झूनिव्हर्स हे संकेतस्थळ बघा. २००७ मध्ये गॅलेक्सी झू नावाचा प्रकल्प सुरू झाला, ज्यात लाखो दीर्घिकांची चित्रं सामान्य लोकांनी वर्गवार लावून द्यायची होती. पहिल्याच वर्षी नेदरलँड्समधल्या हॅनी फान आर्केल या शाळेतल्या शिक्षिकेला एका दीर्घिकेजवळ एक चमत्कारिक तेजस्वी ढग दिसला. खगोलशास्त्रज्ञांनाही त्याची ओळख पटेना, आणि आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो. पुढे त्यातून झूनिव्हर्स उभं राहिलं. जंगलातल्या कॅमेऱ्यांनी टिपलेले प्राणी ओळखण्यापासून जुनी हस्तलिखितं उतरवून काढण्यापर्यंत कितीतरी कामं तिथे असतात.

स्पर्धांविषयी तुम्ही विचारलं नाहीत, पण लवकरच कुणीतरी सुचवेल. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ मध्ये रुमानियात सुरू झालं. दोन दिवस, रोज साडेचार तास आणि रोज फक्त तीन प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दीड तास. भरभर सोडवण्याला तिथे किंमत नाही. पदकाचा विचार आत्ता नको, पण जुने सोपे प्रश्न सरावाला आणा. उलट एका मिनिटात एक प्रश्न, चार पर्यायांतून एक निवडा, शेवटी सगळ्यांनाच पदक, अशा परीक्षांपासून तिला दोन वर्षं तरी लांब ठेवा. पटकन येतं तेवढंच खरं, हा तिचा समज त्या घट्ट करतात.

हंगेरीतली जुनी पद्धत मला फार आवडते. तिथे १८९४ पासून शाळकरी मुलांसाठी गणिताचं एक मासिक निघतं. महिन्याला प्रश्न छापायचे, मुलांनी घरी बसून महिनाभर विचार करायचा आणि नीट लिहून उत्तर पाठवायचं. चांगली उत्तरं मुलांच्या नावासह छापली जायची, पुढे तर फोटोसह. त्या छोट्या देशातून निघालेल्या कितीतरी गणितज्ञांचं बालपण या मासिकाच्या प्रश्नांत गेलं. यातलं तुम्हाला उचलता येण्यासारखं असं : महिन्याला एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर दुसऱ्या माणसाला वाचून कळेल असं पूर्ण वाक्यांत लिहिणं. तोंडी ‘कळलं मला’ म्हणणाऱ्या मुलांची खरी दमछाक तिथे होते.

त्यासाठी वाचणारं कुणीतरी हवं. म्हणून तिच्या वयाची किंवा दोन वर्षांनी मोठी, अशाच प्रश्नांची आवड असलेली तीन-चार मुलं शोधा. शिक्षिकांना विचारा, ग्रंथालयात विचारा. आठवड्यातून एकदा एका घरी जमायचं, एक प्रश्न मध्ये ठेवायचा, दीड तास. शिकवणारं कुणी नको, मोठ्यांपैकी एकाने फक्त भांडणं सोडवायला बसायचं. आपल्याला जे सुचलं नाही ते दुसऱ्या मुलीला सुचलेलं पाहणं आणि तरीही मजा येणं, हे तिला पुस्तकातून मिळणार नाही, तुमच्याकडूनही नाही. मिर्झाखानीलाही मैत्रीण होतीच.

या सगळ्याला आठवड्याचे चार-पाच तास पुष्कळ झाले. बाकीचा वेळ खेळायला, वाचायला आणि नुसतं बसायला असू द्या. खिडकीबाहेर बघणं वर्गात अडचणीचं असेल, घरी नाही.

आणि भाऊ. त्याच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण हे सगळं सुरू झालं की सगळ्यात आधी त्याला जाणवेल. वर्तुळाचा प्रश्न दोघांना मिळून द्या, त्याला बसायचं असेल तर. नसेल तर आग्रह नको, त्याच्या आवडीचं जे काही आहे त्यालाही आठवड्यातले तेवढेच तास आणि तुमचं तेवढंच लक्ष द्या, आणि ते वेळापत्रकात लिहून ठेवा, म्हणजे गडबडीत गळणार नाही. त्याच्या गृहपाठात मदत करायला तिला कधीही सांगू नका. तिच्या वहीतलं कौतुकाचं काही पाहुण्यांना दाखवायचं असेल तर आधी तिला विचारा. ती बहुधा नको म्हणेल, आणि तुम्ही ते ऐका.